नाशिकहून दोन लहान मुलांना (वय ५ आणि २) घेऊन कॅम्परव्हॅनने आठवडाभरात कोकण आणि गोवा करायचा विचार आहे. आखणी कशी करावी?

आधी गोवा काढून टाका, मग पुढचं बोलू.

प्रश्नाखाली तुम्ही मुक्कामांची यादी दिली आहे: महाबळेश्वर, गणपतीपुळे, मालवण, गोव्यात दोन रात्री आणि परतताना कोल्हापूर. ती वाचून वाटलं, आमच्या मोठ्या भाऊजींनी दुसऱ्या नावाने खातं उघडलं की काय! नाहीतर असल्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही. नाशिक ते पणजी सरळ पुण्यावरून गेलात तरी सहाशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. तुम्ही तर वाटेत घाट उतरून परत चढणार. तेही दोन वर्षांचं मूल आणि मागे डुलणारं अख्खं घर घेऊन.

आमची गोष्ट सांगते. धाकटा तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता आणि मुलगी बालवाडीत होती. दिवाळीनंतर ड्रायव्हरसकट कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. मोठे भाऊजी, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं (त्यांची मुलं हायस्कुलात, म्हणजे पोटातलं पाणी न हलता बारा तास बसणारी) स्वतःच्या गाडीने पुढे. मार्ग भाऊजींनी आखला होता: त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत बोर्डी, तिथून उदवाडा, दमण, मग डांगातून सापुतारा आणि वणीवरून घरी. नकाशावर छान गोल दिसतो, हे मी आजही मान्य करते. भाऊजी सर्व्हेच्या कामातले असल्यामुळे त्यांचा कागदावरच्या गोलावर फार जीव.

निघायचं पहाटे चारला. ‘मुलं झोपेत असतात, रस्ता मोकळा मिळतो.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात एक पुरुष म्हणतो. मुलं झोपेत असतात, खरं आहे. पण ती साडेसहाला टवटवीत उठतात आणि तेव्हा तुम्ही रात्रभर बांधाबांध करून अर्धमेले झालेले असता, पुढे सगळा दिवस पडलेला असतो. मी चारला नाही म्हटलं. आम्ही नाश्ता करून निघालो. भाऊजी चारलाच निघाले आणि जव्हारला पोचून दर अर्ध्या तासाने फोन करत राहिले.

त्र्यंबक सोडून तोरंगण घाट उतरायला लागलो आणि मुलीला गाडी लागली. लागणारच होती. या गाड्यांत मागे जे सोफे असतात ते बहुतेक आडवे, भिंतीला पाठ लावून बसायचे. फोटोत ऐसपैस दिसतात. पण गाडी वळणावर आणि मूल आडवं बसलेलं असलं की पोटातलं सगळं वर येतं. त्या सोफ्यांना धड पट्टेही नसतात. मी तिला पुढच्या रांगेतल्या सरळ सीटवर घेतलं, पट्टा लावला, खिडकीतून लांबचा डोंगर बघायला सांगितलं आणि तोंडात आवळासुपारी दिली. मोखाडा येईपर्यंत पोरगी गाणी म्हणायला लागली होती. भाड्याची गाडी बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: पुढे तोंड असलेल्या आणि तीन ठिकाणी बांधणारा पट्टा असलेल्या सीट किती? तुमच्या धाकट्याची चाइल्ड सीट अशाच सीटवर बसते. टीव्ही किती इंची आणि दिवे किती रंगांचे, ते नंतर. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंडाचं कलम आहे. पण मी दंडासाठी सांगत नाहीये. घाटात करकचून ब्रेक लागल्यावर वरच्या फळीतला स्टीलचा डबा कसा उडून येतो ते मी पाहिलंय. डब्याला कडी लावता येते, मांडीवरच्या मुलाला नाही.

चारोटीला हायवे ओलांडून डहाणू आणि मग बोर्डी. पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. समुद्राजवळच्या एका चिकूच्या वाडीत गाडी लावायची सोय फोनवर आधीच केलेली होती: थोडे पैसे, त्यात बोअरचं पाणी, एक १५ अँपिअरचा प्लग आणि वाडीतला संडास-बाथरूम वापरायची मुभा. वाहनतळ वगैरे काही नाही, झाडाखालची कडक जमीन. मुलांनी मेतकूट-भात खाल्ला आणि नऊला ती झोपली. आपल्याच घरात झोपावं तशी.

सकाळी बघतो तर ओहोटी. बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की पाणी लांब मागे जातं आणि कडक ओली वाळू मोकळी पडते. पोरं खेकड्यांच्या बिळांवर जी बसली ती हलेनात. भाऊजी आठ वाजता किल्ली फिरवत हजर. आता उदवाडा, मग दमण, दुपारचं जेवण तिकडेच. उदवाड्याला पारशांची मोठी अग्यारी आहे, तिच्यात पारशी नसलेल्यांना आत सोडत नाहीत. म्हणजे दोन लहान मुलांना उठवून, बिछाना घडी करून, गॅस-भांडी आवरून, पाण्याचा पाइप सोडवून आम्ही एका दाराबाहेर उभं राहायला जायचं होतं. मी म्हटलं, आम्ही इथेच राहतो.

त्यावर वाडीत जे बोलणं झालं ते सगळं लिहीत नाही. मुद्दा भाड्याचा निघाला. दिवसाच्या भाड्यात ठरावीक किलोमीटर धरलेले असतात, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. मग गाडी उभी ठेवली तर पैसे बुडाले, हे भाऊजींचं गणित. लग्नाच्या पंगतीत आहेर वसूल करायला जिलब्या रिचवणाऱ्यांतले आहेत ते. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: भाडं किलोमीटरचं देत नाही, घराचं देतो. रोज सकाळी घर बांधून रात्री नव्या जागी उघडायचं असेल तर साधी गाडी आणि लॉज स्वस्तही पडतं आणि सोयीचंही. व्हॅनचा फायदा ती उभी असते तेव्हा आहे. दुपारी मूल पेंगलं की दहा पावलांवर त्याची स्वतःची गादी, दूध गरम करायला कुणाच्या किचनला फोन नाही, आणि चादर ओली झाली तर दोन झाडांना दोरी बांधली की झालं. नवरा थोडा वेळ दोन्हीकडे मान हलवत होता, मग त्याने चप्पल काढली आणि पोरांबरोबर खेकडे बघायला गेला.

भाऊजी गेले. दमण, सापुतारा सगळं उरकून नाशिकला पोचले. आम्ही मुक्काम संपेपर्यंत बोर्डीतच राहिलो. तेव्हापासून घरात कुणाचं बारसं असो, सत्यनारायण असो, ते चारचौघांत म्हणतातच, ‘यांनी गाडी भाड्याने घेतली आणि चिकूच्या वाडीत पार्क केली.’ हो, केली.

आता तुमचा प्रश्न. दिवसाला प्रत्यक्ष गाडी चालवायची ती दोन, फार तर अडीच तास, आणि तीही दुपारच्या झोपेच्या वेळी. घाटात आणि गावांतून या गाड्या ताशी पस्तीस-चाळिसाच्या पुढे जात नाहीत, म्हणजे शंभर किलोमीटर हा तुमचा पल्ला. एका जागी निदान दोन रात्री. या हिशेबात नाशिकहून काय बसतं ते बघा. घोटीवरून भंडारदरा साधारण सत्तर किलोमीटर. निफाडकडे नांदूरमध्यमेश्वर त्याहून जवळ. महाराष्ट्रातली पहिली रामसर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ जागा आहे ती, २०२० मध्ये तसं जाहीर झालं, आणि हिवाळ्यात पक्ष्यांची रीघ लागते. पाच वर्षांच्या मुलीला दुर्बीण दिलीत तर सकाळ निघून जाते. पण निफाडची थंडी ठाऊक आहे ना? पत्र्याची गाडी रात्री गार पडते, दुलया घ्या. आणि बोर्डी, पण ती शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, एका दिवसात गाठायचा हट्ट धरू नका. आठवड्यात यातली दोनच ठिकाणं करा. मधली एक रात्र घरी आलात, कपडे धुतलेत आणि परत निघालात तरी कुणी हसणार नाही. (भाऊजी हसतील.)

त्याआधी एक रात्र आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गंगापूर धरणाकडे ओळखीच्या कुणाच्या मळ्यात झोपून बघा. धाकटा गाडीत झोपतो की नाही ते घराजवळच कळलेलं बरं.

संडासाचं स्पष्ट बोलते, कारण जाहिरातीत कुणी बोलत नाही. आतला संडास फक्त मुलांसाठी आणि रात्रीच्या नडीसाठी ठेवा. त्याची टाकी तुम्हालाच रिकामी करायची असते. ती मुक्कामाच्या ठिकाणी विचारून, शौचालयातच. ओढ्यात किंवा धरणाकाठी नाही. गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, काय करून ठेवलंय ते आपण नाशिककर रोज बघतोच. आतला शॉवर विसरा, पाण्याची टाकी तेवढी पुरत नाही. मुलांना बाहेर टबात आंघोळ घाला. तो शॉवरचा कोपरा बादल्या, चपला आणि वाळूची खेळणी ठेवायला उत्तम.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडी. पुढे खिचडी आणि पिठलं. प्लग असेल तर इंडक्शन वापरा. गॅस वापरायचाच तर छोटी शेगडी गाडीबाहेर, मुलं लांब, आणि चालत्या गाडीत सिलिंडर उघडा नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे एसी. काही गाड्यांत रात्री एसी चालवायला जनरेटर देतात. २०२४ च्या डिसेंबरात केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली, जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, झोपलेल्याला कळतही नाही. तेव्हा बाहेरची वीज मिळत असेल तरच एसी, नाहीतर जाळीची खिडकी, मच्छरदाणी आणि पंखा. इंजिन चालू ठेवूनही झोपू नका. म्हणूनच मी उन्हाळ्यात जाऊ नका म्हणते. पावसाळ्यातही नको, घाटात धुकं, आणि आपल्या काळ्या मातीत ही जड गाडी एकदा रुतली की ट्रॅक्टर शोधत फिराल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस्स.

गाडी कुठल्या कंपनीची घ्यावी हे मला विचारू नका. आरसी बुकावर ती कॅम्परव्हॅन म्हणून नोंदलेली आहे का तेवढं बघा. कुणी साध्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीट काढून गादी टाकलेली असेल तर अपघातानंतर विम्याचं भांडण तुमच्या गळ्यात. महाराष्ट्राबाहेर जाणार असाल तर टुरिस्ट परमिटही विचारा. आणि वाळूवर गाडी अजिबात उतरवू नका. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, काल कोरडी असलेली जागा आज तशीच राहील असं धरून चालू नका.

हे सगळं दोन ते सहा वयाच्या मुलांसाठी लिहिलंय. मुलं मोठी असती तर भाऊजींचा गोल कदाचित जमलाही असता, हे जाऊबाईंसाठी नमूद करते, त्या हे वाचतात. शिवाय आमच्याकडे ड्रायव्हरकाका होते. तुम्ही स्वतः चालवणार असाल तर शंभराचे सत्तर किलोमीटर करा, कारण मागे मूल रडायला लागलं की चालवणाऱ्याचं लक्ष जातंच.

आणि गोवा बघायचाच असेल तर नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेस थेट मडगावला जाते. तिकडे उतरून साधी गाडी घ्या. व्हॅनचा ॲडव्हान्स देऊन बसला असाल तर फोन करून मार्ग बदलून भंडारदरा सांगा. गाडीवाला काही कुरकुर करणार नाही, तेवढंच भाडं आणि गाडीची झीज निम्मी.