त्वचेतल्या स्टेम सेल्समुळे खरंच कुणी बरं होतं का?

हो, होतं. स्टेम सेल्स म्हणजे सतत नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी. २०१५ मध्ये जर्मनीतल्या बोखुमला ७ वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. जनुकीय दोषामुळे त्याची त्वचा नुसत्या घासण्यानेही सोलून निघायची. अंगभर उघड्या जखमा. डॉक्टरांनी त्याच्या जांघेजवळची जेमतेम ४ चौरस सेंटिमीटर धड त्वचा काढली. इटलीत शास्त्रज्ञ मिकेले दे लुका यांच्या चमूने त्यातल्या पेशींत निरोगी जनुक घातलं, त्वचेचे पातळ पापुद्रे वाढवले आणि त्यांनी सुमारे ८० टक्के शरीर झाकलं. मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागला, फुटबॉल खेळू लागला! ही नवी त्वचा मोजक्याच, दीर्घायुषी स्टेम सेल्सनी टिकवून धरल्याचं तपासणीत दिसलं. ‘स्टेम सेल’ लिहिलेल्या महागड्या क्रीमने मात्र असलं काही होत नाही, कृपया त्यावर पैसे घालवू नका.