दीडपट पगार आणि ‘मला जमेल का?’

प्रश्न : मी नऊ वर्षांपासून एकाच कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. अलीकडे दुसऱ्या एका कंपनीने दोन मुलाखती घेऊन मला विभागप्रमुखाचे पद आणि सध्याच्या दीडपट पगार देऊ केला आहे. आनंद व्हायला हवा होता. पण एवढ्या पगाराची माझी योग्यता नाही, तिथे माझे पितळ उघडे पडेल, असेच सारखे वाटते. आठवड्याभरात होकार किंवा नकार कळवायचा आहे. मी काय करावे?

उत्तर : पितळ उघडे पडेल असे तुम्ही लिहिता, पण ते कोणत्या कामात, याचा पत्रात कुठेही उल्लेख नाही. भीती अशी मोघम असते तोवर तिला उत्तर देता येत नाही. तेव्हा नव्या पदाच्या जबाबदाऱ्या कागदावर उतरवा आणि आज सहज करता ते काम, थोड्या सरावाने येईल ते काम आणि मुळीच न येणारे काम, अशी त्यांची विभागणी करा. शेवटच्या भागात बहुधा माणसांकडून काम करून घेणे किंवा वरिष्ठांसमोर मांडणी करणे अशा दोन-तीन गोष्टीच उरतील आणि त्यांबद्दल त्या कंपनीला मोकळेपणाने विचारता येईल.

अशी भावना कर्तबगार माणसांनाही छळते. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये यशस्वी स्त्रियांमधील याच भावनेचे वर्णन केले होते. आपली निवड ही निवडणाऱ्यांचीच चूक असावी, असे त्या स्त्रियांपैकी काहींना वाटत असे. मुलाखती घेणारे कधी चुकत नाहीत असे मी म्हणणार नाही. परंतु तुमची निवड चुकली तर नुकसान त्यांचेही आहे आणि तरीही, दोनदा भेटल्यानंतर त्यांनी तुम्हालाच विचारले आहे.

पगाराविषयीचा संकोच मात्र मला अनाठायी वाटतो. पगार हे व्यक्तीच्या थोरवीचे मोजमाप नसून, सोपवलेल्या जबाबदारीचे आणि ती पेलणारी माणसे किती सहज मिळतात याचे मोल असते. शिवाय एकाच ठिकाणी राहिल्यावर वाढ बहुधा जुन्या पगाराच्या टक्केवारीने होते, त्यामुळे तुमचा आजचा आकडाच कमी असण्याची शक्यता आहे.

‘आधी आत्मविश्वास येऊ दे, मग बघू’ असे म्हणत थांबू नका. एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास सर्वाधिक बळकट होतो तो ते काम स्वतः पार पाडल्याच्या अनुभवातून, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडले होते. आणि विभागप्रमुखाचे काम त्या खुर्चीत बसल्याशिवाय कसे पार पाडणार?

शंका घ्यायचीच तर ती नोकरीविषयी घ्या. पहिल्या सहा महिन्यांत काय अपेक्षित आहे, हाताखाली किती माणसे असतील, आधीच्या व्यक्तीने पद का सोडले, हे विचारा. उत्तरे टाळली गेली, तर दीडपट पगारालाही नकार देण्यात शहाणपण आहे. उत्तरे पटली तर होकार कळवा. मात्र पगार आणि परिवीक्षा कालावधीच्या (प्रोबेशनच्या) अटी स्पष्ट असलेले नियुक्तिपत्र हाती पडेपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. एवढी चौकशी आठवड्यात पुरी होत नसेल, तर आणखी चार दिवस मागून घ्यावेत.