'प्रजनन हक्क' म्हणावं की 'प्रजनन न्याय'?

प्रश्न असा आहे: 'अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित स्त्रियांवरचा एक लेख अनुवादाला घेतलाय. "रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस"ला "प्रजनन हक्क" म्हटलं तर चालेल का? आणि "शी वॉज स्टरिलाइज्ड" हे वाक्य त्यात सारखं येतं, त्याचं काय करू?'

'हक्क' नाही चालणार. ज्यांनी ही संज्ञा घडवली त्यांच्यासमोर 'राइट्स' हा शब्द होताच, तो त्यांना अपुरा वाटला. जून १९९४ मध्ये शिकागोत बारा कृष्णवर्णीय स्त्रिया जमल्या आणि त्यांनी 'रिप्रॉडक्टिव्ह राइट्स'ला 'सोशल जस्टिस'ची जोड देऊन हा जोडशब्द केला. का, ते त्यांच्याच देशातल्या कायद्यांवरून कळतं. १९७३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क दिला (२०२२ मध्ये तो काढूनही घेतला). १९७६ च्या हाइड दुरुस्तीने मात्र, मोजके अपवाद सोडता, गर्भपातासाठी केंद्राचा पैसा मिळणं बंद केलं. म्हणजे हक्क सगळ्यांना सारखा, पण जिचे उपचार मेडिकेडवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर, चालायचे तिला तो वापरणं परवडेना. शिवाय या स्त्रियांची मागणी गर्भपातापुरती नव्हतीच. मूल नको म्हणता यावं, हवं म्हणता यावं आणि झालेलं मूल सुरक्षित जागी वाढवता यावं, हे तिन्ही त्यात येतं. म्हणून 'मातृत्वाचा न्याय'सुद्धा बाद, त्यात 'नको'ला जागाच उरत नाही.

आता पहिलं पद. 'पुनरुत्पादक न्याय' वाचून न्यायालाच पिल्लं होतायत असं वाटतं. 'प्रजनन'ला थोडा पशुसंवर्धन खात्याचा वास आहे, कबूल. पण आरोग्याच्या लिखाणात तो रुळलाय, तोच घ्या. समास करून 'प्रजननन्याय' मात्र लिहू नका. तीन न ओळीने आले की वाचणारा मोजत बसतो. व्याकरणाचा राग पत्करून मी दोन शब्द सुटे लिहीन.

(त्याच लेखात 'मार्जिनलाइज्ड' येणारच. 'सीमांत' नको, वाचकाला सीमांत शेतकरी आठवतो. 'परिघावरच्या' किंवा सरळ 'वंचित'.)

खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. 'निर्जंतुकीकरण' ही तर चूकच, ते कात्रीचं करतात. 'निर्बीजीकरण' अचूक पण कोरडा. 'नसबंदी' सगळ्यांना कळतो. पण नामापेक्षा क्रियापद सांभाळा. आपण सवयीने लिहून जातो, 'तिने ऑपरेशन करून घेतलं.' या 'घेतलं'मध्ये तिची इच्छा आली, म्हणजे मूळ वाक्यात जिच्यावर काहीतरी लादलं गेलं होतं तिलाच आपण कर्ती करून टाकलं. 'तिचं ऑपरेशन झालं' म्हटलं तर करणारा गायब. 'तिची नसबंदी केली' यात निदान कोणीतरी केली एवढं उरतं. संदर्भात दबाव असेल तर 'करायला लावली', पत्ताच लागू दिला नसेल तर 'तिच्या नकळत केली'. चार ठिकाणी चार क्रियापदं आली तरी बिघडत नाही. १९६१ साली मिसिसिपीत फॅनी लू हेमर, पुढे नागरी हक्क चळवळीत गाजलेल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या, गाठ काढायला दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांनी न विचारता गर्भाशयच काढलं. तिथे 'करून घेतलं' लिहिणं म्हणजे खोटी साक्ष.

तुमच्या लेखात लॉस एंजेलिसचा मॅड्रिगल खटला असेल तर आणखी एक. मेक्सिकन वंशाच्या दहा जणींनी तो लढवला. स्पॅनिश बोलणाऱ्या बायकांपुढे बाळंतकळा चालू असताना नसबंदीच्या संमतीचे इंग्रजी कागद सहीसाठी धरले गेले होते. १९७८ मध्ये त्या हरल्या. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला संवाद तुटला, असं न्यायाधीशांचं मत पडलं. इंग्रजीत या शस्त्रक्रियेला बोलीत 'नळ्या बांधणं' म्हणतात, आणि बांधलेलं पुढे सोडता येईल असा समज अनेकींचा होता. मराठीतल्या 'बांधल्या'लाही हीच गाठ आहे. तेव्हा डॉक्टरांच्या तोंडी किंवा कागदावर हा शब्द आला तर 'कायमची नसबंदी' लिहा. बाई स्वतः बोलत असेल तर 'नळ्या बांधल्या' तसंच राहू द्या, कारण तिला तेवढंच सांगितलं गेलं होतं.