जुना गेम आणि आठ कोअर

अरे, परवा कॉलेज रोडला मिसळ खाताना तू म्हणालास, 'नवा पीसी आठ कोअरचा, तरी 2003 चा गेम अडखळतो.' अडखळणारच! कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. त्या काळचे बहुतेक गेम एकाच कोअरवर चालतील असं धरून लिहिलेले. बाकीचे सात गेमपुरते नुसते बसून राहतात. पण विंडोज गेमला एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, तेव्हा काही गेमच्या वेळेच्या हिशेबात घोळ होतो, मग चित्र उड्या मारतं.

गेम चालू कर, टास्क मॅनेजर उघड, 'डिटेल्स'मध्ये गेमच्या फाइलवर राइट क्लिक करून 'सेट ॲफिनिटी' निवड. गेमनं कुठल्या कोअरवर चालायचं, त्याची यादी येते, त्यात एकच खूण ठेव. मी 'सीपीयू 2' ठेवतो, 0 वर विंडोजची स्वतःची लगबग जास्त असते. गेम बंद केला की हे पुसलं जातं, दरवेळी करावं लागतं. थोडा वैताग आहे खरा.

यानं वेग वाढेलच असं नाही, पण अडखळणं बरेचदा थांबतं. गेम उलट भन्नाट पळत सुटला, तर ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमधून सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) 60 वर बांध. आणि नव्या गेमला हा प्रयोग अजिबात करू नकोस, पार रांगायला लागेल.