स्वयंवह की स्वयंचलित?

भास्कराचार्यांच्या पाऱ्याच्या चाकाला 'स्वयंचलित चाक' म्हणावे का, आणि 'एका बाजूचे वजन वाढल्यामुळे ते फिरते' हे वाक्य बरोबर आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे. 'स्वयंचलित' हा शब्द विजेवर चालणाऱ्या दारांना आणि जिन्यांना खुशाल लावावा. परंतु ग्रंथकाराने स्वतः नेमका शब्द दिलेला असताना या चाकाला तो चिकटवणे हा शुद्ध आळस आहे. तो शब्द 'स्वयंवह' होय.

1150 मधील सिद्धान्तशिरोमणी या त्यांच्या ज्योतिषग्रंथाच्या यंत्राध्यायात आपोआप फिरणाऱ्या यंत्राची हलक्या लाकडाचे चाक, त्याला सारख्या अंतरावर बसवलेले, किंचित वाकवलेले पोकळ आरे आणि त्यांत अर्ध्यापर्यंत पारा, अशी रचना सांगितली आहे. तेथेच भास्कराचार्य लल्ल या आधीच्या ज्योतिर्विदाच्या यंत्राला 'सापेक्ष', म्हणजे बाहेरच्या साधनावर अवलंबून, म्हणून ग्राम्य ठरवतात. या न्यायाने आपले विजेवरचे दारही ग्राम्यच ठरेल!

खरी गंमत मात्र 'वह्' या धातूत आहे. मराठीत पाणी वाहते, बैल ओझे वाहतो आणि देवाला फूल वाहिले जाते. या तिन्ही क्रिया त्याच धातूच्या आहेत. त्याचेच दूरचे भाईबंद म्हणजे इंग्रजीतील 'व्हेइकल', 'वॅगन' आणि चक्क 'वेट', म्हणजे वजन, कारण उचलून वाहणे हाच जुन्या इंग्रजीत तोलण्याच्या क्रियापदाचा अर्थ होता. संस्कृत-इंग्रजी कोश 'स्वयंवह'चा अर्थ 'स्वतः हालणारे' असा देऊन मोकळे होतात, ते मला मुळीच मान्य नाही. सूर्यसिद्धान्त हा जुना ज्योतिषग्रंथ अशा यंत्रांच्या साधनांत पारा, पाणी, तेल आणि वाळू मोजतो. ही सगळी वाहणारी द्रव्ये आहेत. आत पारा वाहतो आणि आरा त्याचा भार वाहतो, हे दोन्ही अर्थ नाव ठेवणाऱ्याच्या मनात असावेत, असे माझे ठाम मत आहे.

राहिला वजनाचा प्रश्न. पाऱ्याचे वजन कोणत्याही बाजूला गेल्याने वाढत नाही. वाढते ते आसापासूनचे आडवे अंतर, आणि वजन व अंतर यांच्या गुणाकाराला 'परिबल' म्हणतात. उतरत्या बाजूच्या आऱ्यांतील पाऱ्याचे भार आसापासून दूर असतात खरे, पण चढत्या बाजूला त्यांची संख्या अधिक असते. समजा, उतरत्या बाजूला 40 सेंमी अंतरावर 3 सारखे भार आहेत आणि चढत्या बाजूला 30 सेंमी अंतरावर तसेच 4 भार आहेत. दोन्हीकडे गुणाकार 120 येतो आणि चाक जागीच थांबते. हात देऊन ते फिरवले, तरी पूर्ण फेऱ्यात प्रत्येक भार जितका उतरतो तितकाच चढतो, त्यामुळे घर्षणाची भरपाई करण्यास काहीही उरत नाही. म्हणून 'वजन वाढते' असे न लिहिता 'भार आसापासून दूर सरकतो' असे लिहावे.