उत्तर: प्लाझ्मात दोन गट इतके स्वच्छ सुटे पडले, तर आधी नमुन्यांचा क्रम मागा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) रुग्ण आणि निरोगी यांच्या प्लाझ्मात (रक्तपेशी काढल्यावर उरणारा द्रव) शेकडो प्रथिनं वेगळी निघाली, पीसीएत (सगळे नमुने एका चित्रात मांडणारी आकडेमोड) दोन गट सुटे पडले आणि मग परीक्षकांनी एवढंच विचारलं, की नमुने यंत्रावर कोणत्या क्रमाने चालवले? आता कॉम्बॅट (बॅचचा, म्हणजे वेगवेगळ्या खेपांत मोजल्याने येणारा फरक काढणारी सांख्यिकी पद्धत) लावून हे निस्तरता येईल का, असं तुम्ही विचारताय. माझ्या मते बहुधा नाही. याच दुखण्याने आमच्या प्रकल्पाचा फार मोठा काळ खाल्ला.

ट्रिप्सिन, डीआयए, एफडीआर या मोजणीच्या तपशिलांत शिरत नाही, ते तुम्हाला येतंय. तुम्ही दिलेल्या यादीतली वरची नावं बघा: पीएफ-४, पीपीबीपी, थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१. ही तिन्ही प्लेटलेटमध्ये (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) साठलेली असतात. रक्त काढल्यावर सेंट्रिफ्यूजला उशीर झाला, फिरवणं कमी पडलं किंवा प्लाझ्मा उपसताना पिपेटचं टोक पांढऱ्या थराच्या फार जवळ गेलं, की प्लेटलेट नमुन्यात उतरतात आणि गोठवून वितळवताना फुटतात. काही आजारांत प्लेटलेट खरोखरच चेतवल्या जातात, त्यामुळे हा आजाराचा भाग असूही शकतो. पण पहिला संशय नळीवर घ्यायचा. तसंच हिमोग्लोबिन, कार्बोनिक अनहायड्रेज-१ आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ एकदम वर गेलेली दिसली तर तांबड्या पेशी फुटल्यात, आणि फायब्रिनोजेनच्या साखळ्या एकत्र खाली आल्या असतील तर कुठेतरी रक्त गोठायला लागलं होतं. प्रथिनांच्या मोजणीतले शास्त्रज्ञ मथियास मान यांच्या गटाने २०१९ मध्ये नेमक्या या तीन प्रकारच्या भेसळीसाठी प्रथिनांचे संच प्रसिद्ध केलेत. ते घ्या, प्रत्येक नमुन्याचा भेसळीचा गुण काढा आणि गटवार मांडा. बाकी कुठलंही विश्लेषण त्यानंतर.

प्लाझ्मा या बाबतीत फार हळवा असतो. अल्ब्युमिन मिलिलिटरला ३५ ते ५० मिलिग्रॅम, तर निरोगी माणसात इंटरल्युकिन-६ जेमतेम काही पिकोग्रॅम. म्हणजे दहा अब्ज पटींच्या आसपासचा फरक एकाच थेंबात. पेशींतून गळालेला जरासा ऐवजही मधल्या पातळीवरच्या प्रथिनांना सहज झाकतो.

आता आमचं काय झालं ते. आम्ही दोन्ही गट मिसळून ठरवलेल्या क्रमाची यादी देऊन नमुने एका फॅसिलिटीकडे (नमुने मोजून देणारी प्रयोगशाळा) पाठवले होते. नाव घेत नाही. तिथे सोयीसाठी नळ्या लेबलच्या क्रमाने लावल्या गेल्या, आणि लेबलची सुरुवातीची अक्षरं गटानुसार होती. आधी सगळे रुग्ण, मग कॉलम (मोजण्याआधी रेणू सुटे करणारी नळी) बदलला, मग सगळे निरोगी. आम्हाला मिळाली फक्त एक एक्सेल फाइल, नॉर्मलाइझ केलेली (आकडे एका पट्टीवर आणलेली), रिकाम्या जागा आकड्यांनी भरलेली. रॉ फाइल (यंत्राची मूळ नोंद) मागितल्या तर 'तशी पद्धत नाही'. क्रम मागितला तर तिथले लोक बोट दाखवतात ऑपरेटरकडे, ऑपरेटर दाखवतो प्रमुखांकडे. ही टोलवाटोलवी मला आजही अक्षम्य वाटते. नमुने माणसांच्या शरीरातून आलेले असतात, कोणीतरी विश्वासाने दंड पुढे केलेला असतो. त्याची मूळ मोजणी दाखवायला नकार देण्याचा अधिकार कुणालाच नाही.

शेवटी रॉ फाइल हाती आल्या. प्रत्येक फाइलमध्ये ती कधी नोंदवली गेली याची वेळ असते. त्या वेळेनुसार फाइल लावल्या, अल्ब्युमिनचा एकच पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) घेतला आणि तो कॉलममधून किती मिनिटांनी बाहेर पडतो ते ओळीने बघितलं. कॉलम बदलल्याच्या जागी रेषेत सरळ पायरी होती. आमचे दोन गट नेमके त्याच पायरीवर फुटत होते. तुमच्याकडेही पहिल्यांदा हेच करून बघा.

पायरी आणि गटाची सीमा एकच निघाली तर कॉम्बॅट, लिम्मा (असंच दुसरं सांख्यिकी साधन), काहीही मदत करत नाही. बॅच काढली की आजारही त्यासोबत जातो, कारण आकड्यांत दोघांना वेगळं करणारं काहीच उरलेलं नसतं. गट थोडे मिसळलेले असतील तर थोडी आशा आहे, पण तिथेही आधी दुरुस्त केलेला डेटा घेऊन नंतर टेस्ट लावू नका, खोटे फरक फुगतात. बॅच मॉडेलमध्येच घाला. (मी सांख्यिकीतला नाही, एखाद्या जाणकाराला जरूर दाखवा.)

हा धडा जुना आहे. २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सीरममधल्या (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) प्रथिनांच्या आकृतिबंधावरून अंडाशयाचा कर्करोग जवळजवळ अचूक ओळखल्याचा निबंध आला होता. संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी तो सार्वजनिक डेटा पुन्हा तपासला, तेव्हा फरक प्रक्रियेतूनच आल्याची चिन्हं सापडली. आज यंत्रं कितीतरी संवेदनशील झालीत, त्यामुळे हा दोषही तितक्याच बारकाईने मोजला जातो.

तुम्ही ओलिंकवर (प्रतिपिंडांनी प्रथिनं मोजणारं वेगळं तंत्र) पडताळणी करायचं म्हणताय. तंत्र चांगलंच आहे, यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासाच्या २०२३ च्या निबंधात ५४ हजारांहून अधिक लोकांची सुमारे २,९०० प्रथिनं त्यावर मोजलीत. पण त्याच नळ्या दिल्यात तर त्याच प्लेटलेट तिथेही मोजल्या जातील. दोन तंत्रं जुळली म्हणजे जीवशास्त्र सापडलं असं होत नाही.

जाता जाता, एक्सेल वापरणार असाल तर सेप्टिन आणि मार्च कुळातली जनुकं तपासा. एक्सेल त्यांची जुनी नावं तारखा समजतं, म्हणूनच २०२० मध्ये त्यांची नावं बदलली गेली.

माझ्या मते आत्ता करण्यासारखं असं: दोन्ही गटांतले थोडे नमुने आलटूनपालटून पुन्हा चालवा, दर आठ-दहा इंजेक्शननंतर (यंत्रात एकेक नमुना सोडणं) सगळ्या नमुन्यांचं मिळून केलेलं मिश्रण, म्हणजे पूल, ठेवा. भेसळीचे गुण मात्र आधी बघा, कारण दोष रक्त काढतानाचा असेल तर पुन्हा चालवून उपयोग नाही, नवे नमुने लागतील. फॅसिलिटीला मेल करताना आरोप करू नका, गाईडना सीसीत ठेवा आणि तीनच गोष्टी मागा: रॉ फाइल, चालवण्याचा क्रम, कॉलम बदलल्याची नोंद. क्रम मिळाला की इथे टाका, मी बघून सांगतो.