कळलं तर कळू दे

पोरी,

स्क्रीनशॉट मिळाले. रॅम्पवरच्या मॉडेलचा, त्या डॉक्टरबाईंचा, लेहेंग्यातल्या रीलवालीचा. सगळ्या आपल्यासारख्याच ट्रान्स बायका. आणि खाली तुझा प्रश्न: ‘मावशी, दाढीच्या लेझरची सिटिंग्ज संपेपर्यंत जॉइनिंग पुढे ढकलू का? नाकासाठी लोन काढू का?’

नको. दोन्ही नको. ऑफर लेटर हातात आहे ना? मग सोमवारी जा. कळलं तर कळू दे.

अशा बायकांच्या प्रत्येक मुलाखतीत एक वाक्य असतंच: ‘यांच्याकडे बघून खरंच वाटत नाही!’ लिहिणाऱ्याला ती शाबासकी वाटते. ज्यांच्याकडे बघून लगेच ‘वाटतं’ त्या आम्ही सगळ्या त्याच वाक्यात नापास झालो, हे त्याच्या गावीही नसतं. ही खोड जुनी आहे. १९५२ साली क्रिस्टीन जॉर्गेन्सन या अमेरिकन ट्रान्स बाईची बातमी न्यूयॉर्क डेली न्यूजनं पहिल्या पानावर छापली, ती माजी सैनिकाची सोनेरी केसांची सुंदरी झाली अशा थाटात. सुंदरी नसती तर ते पान मिळालं असतं का? आपल्याकडे बघ. २०१७च्या त्या गाजलेल्या जाहिरातीत ट्रान्स कार्यकर्त्या गौरीताई सावंत स्वतःच होत्या, लोकांनी डोळे पुसले. २०२३ साली त्यांच्या आयुष्यावर मालिका आली, तेव्हा काम कुणाला? सुश्मिता सेनला. माझं तिच्याशी भांडण नाही. पण आमच्यासारखं दिसायलासुद्धा विश्वसुंदरी लागते म्हणजे कमाल झाली.

अमेरिकन ट्रान्स अभिनेत्री लॅव्हर्न कॉक्सचं उदाहरण तू मला देतेस. मग तिचं ऐक तरी. २०१५ला तिथलीच ट्रान्स सेलिब्रिटी केटलिन जेनर ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आली आणि जो तो ‘किती सुंदर’ म्हणायला लागला. तेव्हा कॉक्सनं लिहिलं, की असं दिसणं जन्मजात ठेवणीमुळे किंवा पैशाअभावी कित्येकांना कधीच जमणार नाही, आणि कित्येकांना ते नकोच असतं. आदल्याच वर्षी ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर आलेली बाई हे म्हणते.

पास झालं, म्हणजे बघणाऱ्याला कळलंच नाही, की मार वाचतो, हे मला कळत नाही असं समजू नकोस. शेवटच्या लोकलला मीही ओढणी नाकापर्यंत घेते आणि कुणी काही विचारलं तर मानेनंच उत्तर देते. जिथे जिवाला धोका तिथे लपावं, त्यात लाज कसली? पण ऑफिसात, बँकेत, घरमालकासमोरही लपत राहिलीस तर सगळी ताकद आवाज सांभाळण्यातच जाईल. शाळेत मी अभंग म्हणायचे. या घोगऱ्या आवाजापायी चार लोकांत गाणं बंद केलं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. भजनाला जाते, टाळ वाजवते, ओठ मिटलेले. ते सलतं अजून.

तू म्हणशील, मावशीला परवडलं नाही त्याचं तत्त्व झालं. असेल! लेझरचे पैसे साठले तेव्हा खोलीचं डिपॉझिट आडवं आलं. पण नंतर हाताशी पैसे होते तरी गेले नाही, हेही लिहून ठेव. सकाळी दाढी करून टिकली लावताना माझा हात थरथरत नाही. तुला करायचं तर खुशाल कर, पण स्वतःच्या आरशासाठी कर, नोकरीची परवानगी म्हणून नको. २०१४च्या नालसा निकालात, म्हणजे ट्रान्स लोकांच्या हक्कांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं ओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती अनैतिक आणि बेकायदेशीर ठरवली. कोर्ट जे मागत नाही ते तू स्वतःकडून का वसूल करतेस? २०१७ला माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं ट्रान्स असलेल्या माऊली कांबळेंना सरपंच केलं. गावाला कळलं नव्हतं म्हणून? कळूनच मतं दिली ना!

सोमवारी आधार आणि टीजी कार्ड, म्हणजे ट्रान्सजेंडर ओळखपत्र, दोन्ही ने. बाथरूमचं विचारलं तर ‘लेडीज’ म्हण आणि पुढच्या विषयाला लाग. आवाज बारीक करू नकोस, पहिल्या दिवशी केलास तर रोज करावा लागेल. आणि त्या लोनवाल्याचा परत फोन आला तर त्याला माझा नंबर दे.

मावशी